काटकसरीचा स्वयंपाक दहा घरांनी मिळून : सुरुवात कुठून कराल?

काटकसरीच्या पाककृतींबद्दल वाचकांचे प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे असतात. मोबाइलवर ‘वीस रुपयांत चौघांचे जेवण’ असे काहीतरी येते. करून पाहावे तर त्यासाठी दुकानातून चार नव्या वस्तू आणाव्या लागतात. मैत्रिणीने सांगितलेले माप आपल्या घरी बसत नाही. मुले पहिल्या घासाला ताट सरकवतात आणि उरलेले म्हशीपुढे जाते. मग विचारणा होते : स्वस्त म्हणायचे तरी कशाला? माप कुणाचे धरायचे? चारचौघींनी मिळून करून पाहायचे तर कसे? आणि एखादा पदार्थ छान जमला तर तो विकता येतो का?

या प्रश्नांची उत्तरे घोडेगाव डोळ्यांसमोर ठेवून देतो आहोत. नेवासे तालुक्यातले, अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे हे गाव कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. इथल्या घरात कांदा असतो, ज्वारी-बाजरी असते, दारात एखादे शेवग्याचे झाड असते. तरी महिनाअखेरीला किराण्याची उधारी वाढलेली दिसते, कारण घरात जे आहे त्याकडे पाहून स्वयंपाक ठरत नाही. पदार्थ आधी ठरतो आणि सामान मागून येते. तुमचे गाव दुसरे असले तर धान्याचे नाव बदला, बाकी रीत तीच ठेवा.

स्वस्त कशाला म्हणायचे?

पाककृती हाती आली की तीन प्रश्न विचारा. त्यातले बहुतेक साहित्य आज घरात आहे का? चुलीवर किंवा गॅसवर ती किती वेळ राहणार? आणि घरातले सगळे ती संपवतील का? तिन्ही उत्तरे मनासारखी आली तरच तिला स्वस्त म्हणा. साहित्याची किंमत कमी, पण तासभर गॅस जळतो आणि अर्धे पातेले उरते, असा पदार्थ महागच.

हिशेब कसा मांडायचा ते एका उदाहरणाने पाहू. समजा हुलगे १०० रुपये किलो आहेत. पाव किलो पिठाचे शेंगोळे चौघांना भाकरीबरोबर पुरतात, म्हणजे पिठाचे २५ रुपये. लसूण, मिरची, तेल, मीठ धरून १५ रुपये लावा. माणशी १० रुपये झाले. त्यात गॅस मिळवायचा. त्यासाठी नवा सिलिंडर लावला की त्याच्यावर खडूने तारीख लिहा. तो किती दिवस गेला ते कळले की रोजचा गॅसखर्च निघतो. हा एवढा आकडा माहीत असलेल्या घरात कडधान्य भिजवायला कुणी विसरत नाही, कारण न भिजवलेला हुलगा किंवा हरभरा कुकरमध्ये किती जाळतो हे तिथे पैशांत दिसते.

गट कसा जमवाल?

आठ-दहा घरे पुरेत. जास्त जमली की बोलणे होते, करून पाहणे होत नाही. बचत गट असेल तर त्याच्या मासिक बैठकीलाच अर्धा तास जोडा. नवी सभा, नवी वर्गणी नको. एरवीच्या निरोपांना मोबाइलवरचा गट ठेवा. पुण्याला किंवा वाळूजला राहायला गेलेल्या बहिणी-नणंदाही त्यामुळे धरल्या जातात. भाड्याच्या खोलीत, एका शेगडीवर आणि बेताच्या पगारात स्वयंपाक करणाऱ्या या बायका काटकसरीच्या बाबतीत गावातल्यांपेक्षा काकणभर सरसच असतात.

माणसे निवडताना वयाने मोठी एकतरी आजी हवीच. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून सुकडी आणली, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या, त्या बायकांना कमी साहित्यात पोटभर जेवण कसे करायचे हे हाताने माहीत आहे. त्यांचे ज्ञान कुठल्याही पुस्तकात पूर्ण उतरलेले नाही. त्यांना नुसता मान देऊन बाजूला बसवू नका. पीठ हातात द्या आणि शेजारी बसून मापे लिहून घ्या.

सुरुवातीलाच चार गोष्टी ठरवून टाका :

- आठवड्याला एकच पाककृती. सगळ्यांनी तीच करून पाहायची.
- पहिल्यांदा अर्ध्या मापाने करायची, आणि त्या दिवशी घरात नेहमीचे असे दुसरे काहीतरी असू द्यायचे. ठेचा-भाकरी असली तरी चालेल. नवा पदार्थ फसला म्हणून मुले उपाशी झोपता कामा नयेत.
- एका वेळी एकच बदल. पीठही बदलले आणि पाणीही वाढवले, तर बिघडले कशाने ते कळत नाही.
- काय उरले तेही सांगायचे. ‘मस्त झाले’ एवढ्यावर कुणाला काही शिकता येत नाही. ‘रस्सा पातळ झाला, सासऱ्यांनी खाल्ला, मुलांनी नाही’ हे उपयोगी.

एक गोष्ट नियमात बसत नाही, पण तिच्यावर गट टिकतो. कुणाच्या ताटाची कुणाशी तुलना करू नका. ‘हे तर गरिबांचे जेवण’ हे एक वाक्य एखादीला कायमचे गप्प करते. कुणाकडे माळ आहे, कुणाकडे सुकट-बोंबील आणि अंडी होतात. सुकट आणि अंडी ही स्वस्तातली चांगली प्रथिने आहेत. ज्यांना चालतात त्यांच्या पाककृतींनाही गटात तेवढीच जागा द्या.

माप कुणाचे?

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. एकीची वाटी दुसरीच्या वाटीच्या दीडपट असते. यावर सोपा उपाय आहे. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून घ्या आणि ती तुमच्या वाटीने रिकामी करा. तीन वाट्या भरल्या तर तुमची वाटी साधारण १६५ मिलिलिटरची, अडीच भरल्या तर २०० ची. बाटलीभर पाण्यात जी वाटी अडीच वेळा भरते ती गटाची वाटी धरा आणि ज्यांच्याकडे तशी नाही त्यांनी आपल्या भांड्यावर खूण करून ठेवावी. मीठ आणि तिखट चमच्याने सांगा, तोही सपाट. ‘अंदाजाने’ हा शब्द आजींनी वापरला तर हरकत नाही. मात्र त्यांचा अंदाज एकदा ताटलीत काढून चमच्याने मोजून घ्या.

पाण्याचे मापही लिहा. जुनी मालदांडी ज्वारी आणि नवी ज्वारी पाणी सारखे घेत नाहीत. पीठ ताजे आहे की पंधरा दिवसांचे, यावर भाकरी चिरते की नाही ते ठरते. नगरी उन्हाळ्यात पीठ लवकर विरी जाते, म्हणून काटकसर करणाऱ्यांनी दळण थोडे थोडे आणावे.

पहिल्या महिन्यासाठी चार पदार्थ

हुलग्याचे शेंगोळे. आपल्याकडे हिवाळ्यात आणि पावसाळ्यात घरोघर होतात, पण नव्या सुनांना जमत नाहीत अशी तक्रार असते. दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, लसूण-जिरे-मिरचीचे वाटण, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घालून पीठ घट्ट मळा. तळहातावर बोटापेक्षा बारीक वळून टोके जुळवा. लसणाची फोडणी करून सहा वाट्या पाणी घाला. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे एकेक सोडा. फसतात ते याच ठिकाणी : पाणी नुसते गरम असताना सोडले की ते विरघळतात, आणि लगेच पळी घातली की तुटतात. पहिली पाच मिनिटे हात लावू नका. एकूण वीसेक मिनिटे शिजू द्या. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा पाण्यात कालवून शेवटी घातला की रस्सा दाट होतो. वेगळी आमटी करावी लागत नाही, आणि गॅस वाचतो तो इथे.

येसर आमटी. डाळीचे भाव चढतात त्या दिवसांत ही हाताशी असावी. हरभऱ्याची डाळ, गहू, बाजरी, मूठभर तांदूळ, धने-जिरे आणि काळ्या मसाल्याचे जिन्नस भाजून दळले की येसर तयार. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते, आणि गटाने तुलना करून पाहावी अशी ही पहिली गोष्ट आहे. भाजताना सगळे एकत्र टाकू नका. डाळ भाजली जाईपर्यंत धने करपतात आणि आमटी कडवट होते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरले तर डब्यात घाम येतो आणि पिठाला बुरशी धरते. चौघांसाठी चार मोठे चमचे येसर एक वाटी गार पाण्यात कालवा. लसूण, कढीपत्ता आणि चिरलेला कांदा फोडणीला टाकून चार वाट्या पाणी उकळा, त्यात हे कालवण धारेने सोडून ढवळत राहा आणि दहा मिनिटे मंद आचेवर ठेवा. कोरडे येसर उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्याच होणार. पंधरा मिनिटांत चार माणसांची आमटी होते. शेतातून उशिरा परतणाऱ्या बाईला याहून सोयीचे कालवण मला तरी माहीत नाही.

आमटीसाठी मोठा कांदा फोडायची गरज नाही. गोल्टी, चिंगळी किंवा जोड कांदा बाजारात कमी भावाने जातो. घरात तोच आधी वापरा आणि विक्रीचा माल विक्रीला ठेवा.

हरभऱ्याचा घोळाणा. यात गॅस लागतच नाही. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, धुऊन बारीक चिरा. कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून कालवा. पाला फुलोऱ्याआधीचा घ्या आणि शेतमालकाला फवारणी कधी झाली ते विचारूनच खुडा. जास्त मिळाला तर सावलीत वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवा.

भाकरीचा कुस्करा. सकाळची भाकरी संध्याकाळी कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतून वर पाण्याचा हबका मारा. ताक असेल तर काला करा. जास्त सांगण्यासारखे यात काही नाही. भाकरी मात्र कोरड्या फडक्यात ठेवलेली असू द्या, डब्यात घाम आलेली नको.

हे चार जमले की पुढचे गटालाच सुचेल. तांदुळजा, घोळ, पाथरी, शेवग्याचा पाला, सांडगे, डांगर, कण्या, माडगे : यादी लांब आहे. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरची गावठी बियाणी जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातून घेण्यासारखे एवढेच, की बी जपले तर ती भाजी पुढच्या वर्षीही मिळते. गटातल्या प्रत्येकीने एकतरी वेल किंवा पालेभाजीचे बी धरावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकमेकींना द्यावे.

काटकसर इथे थांबवा

काही ठिकाणी पैसे वाचवणे म्हणजे दवाखान्याचे बिल ओढवून घेणे. यावर गटात तडजोड नको.

- शेंगदाण्यावर, मक्यावर बुरशी दिसली तर निवडून वापरू नका. बुरशीतले विष भाजूनही जात नाही. कूट, चटणी, तेल कशासाठीही नको.
- दुधी भोपळा चिरल्यावर छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा टाका, साखर-गूळ घालून खपवू नका. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत.
- कांद्याच्या वरच्या पापुद्र्यावर काजळी असेल तर तो काढून, धुऊन वापरता येतो. आतून मऊ पडलेला, वास येणारा कांदा मात्र फेकाच.
- शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. नगरी उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. त्यात सकाळचा भात रात्री फोडणी देऊन लहान मुलांना देणे धोक्याचे आहे. उरणारच असेल तर कमी रांधा.
- रानभाजी ओळखीचीच खुडा. फोटो पाहून खुडू नका. बांधावर तणनाशक मारले असेल तर तिकडे जाऊच नका.
- तळणीचे तेल काळे, चिकट झाले की त्याचा मोह सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. काटकसर बाईच्या ताटातून होऊ नये. घरोघर पाहायला मिळते की भाजी कमी पडली तर शेवटी बसणारी ठेच्यावर भागवते, आणि गटात ‘आमच्याकडे पुरले’ असे सांगते. ते पुरलेले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून पाककृती किती जणांना पुरली हे लिहिताना करणारीलाही मोजा, आणि ती जेवल्यावरच आकडा सांगा. पालेभाजी-कडधान्यांवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी जास्त लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. लिंबाचा तेवढा खर्च वाचवू नका. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना किंवा लहान मुलांना मिळणारा शिधा त्यांचाच आहे. त्याचे चांगले पदार्थ जरूर करा, पण ते त्यांच्याच पोटात जाऊ द्या.

पदरचे पैसे वाचवणारे हक्क

स्वयंपाकघरातली बचत रेशन दुकानात आणि गॅसच्या गाडीपाशी हातची जाऊ शकते. म्हणून हे गटात एकदा मोठ्याने वाचा.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय शिधापत्रिकेला ३५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. अंगठा लावला की यंत्रातून निघणारी पावती मागा आणि तिच्यावरचा आकडा पोत्यातल्या धान्याशी ताडून पाहा. पुण्याला गेलेल्या कुटुंबाला तिथल्या रेशन दुकानातूनही धान्य उचलता येते, त्यासाठी नवी शिधापत्रिका लागत नाही. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असायला हवा. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच छापलेले असते. दोन्हींची बेरीज होते का, हे पाहण्यासाठी घेताना वजन करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. गळतीची शंका आली तर १९०६ वर कळवा. दुकानदाराने वजनात मारले किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बिल मात्र जवळ हवे.

पदार्थ विकायचा ठरला तर

येसर, सांडगे, कुरडया चांगल्या जमल्या की शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर स्टॉल लावण्याची कल्पना निघतेच. कल्पना चांगली आहे. त्याआधी एवढे करा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. उलाढाल कमी असेल तर मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते, आधार आणि फोटो लागतो. बचत गटाच्या नावानेही करता येते. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, किंमत, करणाऱ्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहा. नोंदणी ‘करून देतो’ म्हणून फोनवर कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका; पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरायला विसरू नका. बहुतेक गट इथेच फसतात : पीठ-मसाल्याचा खर्च निघाला म्हणजे नफा झाला असे समजतात आणि चार बायकांचे चार दिवस फुकट जातात. शेतातल्या कामाला जो रोज मिळतो तो धरून भाव काढा. त्या भावाने गिऱ्हाईक येत नसेल तर तो पदार्थ घरापुरता ठेवा.

पाककृती लिहून ठेवा

मोबाइल हरवतो, निरोप पुसले जातात. एक दोनशे पानी वही घ्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० च्या सुमारास आले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये. दोन्हींनी मराठी घरांत पाककृती लिहून ठेवण्याची सवय रुजवली. तुमच्या वहीत मात्र शेंगोळे घोडेगावच्या हुलग्याचे हवेत. प्रत्येक पानावर सांगणारीचे नाव, गटाच्या वाटीने मापे, लागलेला वेळ, त्या महिन्याच्या भावाने खर्च, किती जण जेवले आणि कुणी काय बदलले एवढे पुरे. नाव लिहिण्याआधी तिला विचारा.

पुस्तकातली पाककृती करून पाहायला आणि आपल्या शब्दांत लिहायला कुणाची हरकत नसते. पुस्तकाचे पान किंवा दुसऱ्याने काढलेला फोटो तसाच उचलून स्वतःच्या नावाने छापणे किंवा विकणे मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही. वही छापायची झाली तर हे ध्यानात असू द्या.

येत्या आठवडी बाजाराआधी शेजारच्या सात-आठ घरांना विचारा, बाटलीने वाटी मोजून घ्या आणि हुलगे दळायला टाका. पहिल्या आठवड्याला शेंगोळेच करा, आणि त्या दिवशी वळायला गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या आजींना बोलवा.